पावणेचार डॉलरची गिटार



आज मी तुम्हाला अमेरिकेतल्या एका घरकाम करणाऱ्या बाईची गोष्ट सांगणार आहे. तिचं नाव एलिझाबेथ कॉटन. लहानपणी तिने स्वतःच्या मजुरीतून एक स्वस्तातली गिटार घेतली होती. त्या गिटारीच्या मागे मागे गेलं की एका वाद्याचा इतिहास कळतो, आणि बाईच्या मालकीची वस्तू म्हणजे काय, हेही कळतं.

तुम्ही म्हणाल, ताई, आपल्या कार्यक्रमात शेळीपालन, पीककर्ज, रक्तक्षय असले विषय असतात, ही गिटार मध्येच कुठून आली? तर ती आपल्याच गटांच्या बैठकीतून आली. "पोरगी गिटार मागतीय, काय करू?" हा प्रश्न हल्ली मला आया विचारायला लागल्यात. आणि मुली नुसती गिटार मागत नाहीत, वायरची गिटार मागतात. म्हणजे हातात घेतली की तशीही वाजते आणि वायर जोडली की स्पीकरवरही वाजते, अशी. दुकानात तिला सेमी-अकूस्टिक किंवा इलेक्ट्रो-अकूस्टिक म्हणतात. आपल्याला ते नाव पाठ करायची गरज नाही. पण हे वाद्य गरिबाच्या घरात कसं पोचलं, त्याला वायर कशी लागली आणि त्यात बायकांचा हात किती, हे समजून घेतलं तर पोरीला उत्तर देणं सोपं जाईल.

पोस्टाने आलेलं वाद्य

गिटार मूळची युरोपातली. १९व्या शतकात अमेरिकेत ती मुख्यतः शहरातल्या खात्यापित्या घरांत, दिवाणखान्यात वाजायची. एक कारागीर एक गिटार हाताने घडवायचा, त्यामुळे किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर. मग कारखाने निघाले. १८९२ साली शिकागो शहरात हार्मनी नावाची कंपनी सुरू झाली. न्यू जर्सी राज्यात ऑस्कर श्मिट यांची कंपनी स्टेला नावाच्या गिटारी बनवू लागली. या कारखान्यांनी एकेक वाद्य न घडवता शेकड्याने वाद्यं काढली. लाकूड साधं वापरलं, वरून रंग असा दिला की महागाचं वाटावं. आपल्याकडे साध्या लाकडाच्या कपाटाला सागवानी रंग देतात ना, तसंच.

वाद्य स्वस्त झालं, पण खेड्यात पोचायचं कसं? त्याला दोन गोष्टींनी मदत केली. एक म्हणजे सिअर्स, रोबक या कंपनीचा जाडजूड कॅटलॉग. त्यात नांगरापासून पोलक्याच्या कापडापर्यंत सगळं असायचं, आणि गिटारीही असायच्या, अगदी काही डॉलरपासून. दुसरी म्हणजे टपाल. १८९६ पासून अमेरिकेतल्या सरकारी टपाल खात्याने खेड्यांत घरपोच टपाल द्यायला सुरुवात केली. त्याआधी शेतकऱ्याला पत्र आणायलासुद्धा गावात जावं लागे. आता कॅटलॉग घरी येऊ लागला आणि घरी बसून वस्तू मागवता येऊ लागली.

यात आणखी एक गोष्ट होती. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने १८६५ साली संपली, पण दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसांना दुकानातही वेगळं वागवलं जायचं. गोरं गिऱ्हाईक आलं की काळ्याने बाजूला व्हायचं, मागाहून घ्यायचं. कॅटलॉगला तुमचा रंग दिसत नाही. यादीतला नंबर लिहा, पैसे पाठवा, वस्तू घरी. अपमान न गिळता खरेदी करता येणं ही काय चीज आहे, हे आपल्यातल्या अनेकींना सांगायला नको.

डॉलरभर पगार

एलिझाबेथचा जन्म १८९३ सालचा. उत्तर कॅरोलिना राज्यात चॅपेल हिल गावाजवळ कार्बरो म्हणून जागा आहे, तिथलं काळ्या लोकांचं कुटुंब. घराजवळून रेल्वेचा रूळ जायचा. मोठ्या भावाकडे बँजो होतं. बँजो हे गिटारीसारखंच तारेचं वाद्य, पण त्याच्या तोंडाला आपल्या डफासारखं कातडं ताणलेलं असतं. भाऊ कामाला गेला की ही गुपचूप ते काढायची आणि वाजवायची. शिकवणारं कुणी नव्हतं.

त्यात ती डावखुरी. वाद्य उजव्या हाताने वाजवणाऱ्यासाठी केलेलं. भावाचं वाद्य, त्याच्या तारा काढून उलट लावायची सोय नाही. मग तिने वाद्यच उलटं धरलं. त्यामुळे जाड तारा खाली आल्या आणि बारीक तारा वर. इतर लोक अंगठ्याने जाड तारा छेडतात आणि बोटांनी चाल वाजवतात. हिचं सगळं उलट, अंगठ्याने चाल आणि बोटांनी खर्जाचा ठेका. पुढे जगभरातल्या वाजवणाऱ्यांनी ही पद्धत तिच्याकडून उचलली आणि तिला तिच्याच आडनावाने ओळखायला लागले.

भाऊ घर सोडून गेला, बँजोही त्याच्याबरोबर गेलं. तेव्हा तिला कळलं की आपण वाजवत होतो ते वाद्य आपलं नव्हतं.

नवव्या वर्षीच तिची शाळा सुटली आणि ती लोकांच्या घरी कामाला लागली. पगार महिन्याला डॉलरभर. केर काढायचा, भांडी, स्वयंपाकघर. ते पैसे आईने साठवले आणि त्यातून मुलीला गिटार आणली. किंमत ३.७५ डॉलर. आपल्या भाषेत पावणेचार डॉलर, म्हणजे जवळजवळ चार महिन्यांचा सगळा पगार. खाऊ नाही, कपडे नाहीत, काही नाही.

मैत्रिणींनो, इथे थोडं थांबा. त्या आईकडे पैसा खर्चायला जागा कमी होत्या का? गरिबाच्या घरात पावणेचार डॉलरला शंभर वाटा असतात. तरी तिने ते पैसे मुलीचे म्हणून बाजूला ठेवले आणि मुलीच्या मनासारखं केलं. इतिहासाच्या पुस्तकात कॉटनबाईंचं नाव आहे. माझ्या मते त्या गिटारीचा पहिला हप्ता त्या आईने भरला, पैशाचा नव्हे, विश्वासाचा.

त्याच गिटारीवर, अकरा-बारा वर्षांची असताना, तिने घराजवळून जाणाऱ्या मालगाडीवर एक गाणं रचलं. गाण्याचं नाव ‘फ्रेट ट्रेन’, म्हणजे मालगाडीच. आज जगात गिटार शिकणाऱ्या अनेकांच्या शिकण्यात हे गाणं कधी ना कधी येतं.

खुंटीवर गेलेली गिटार

१९१० मध्ये तिचं लग्न झालं. मुलगी झाली. घरकाम चालूच होतं. चर्चमधल्या लोकांनी सांगितलं की ही असली गाणी देवाच्या मार्गातली नाहीत, सोडून दे. तिने सोडली. पंचवीस वर्षांहून अधिक काळ, चर्चमधला एखादा प्रसंग सोडला तर, तिच्या हातात गिटार नव्हती.

 बाईचा वेळ गेला, एवढंच. सकाळी लोकांच्या घरी, संध्याकाळी स्वतःच्या घरी, रविवारी चर्च. वाद्य विकत घ्यायला तिला चार महिने लागले होते. ते वाजवायला दिवसाचा एक तास मिळावा यासाठी अर्धं आयुष्य गेलं.

नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर १९४०च्या दशकात ती मुलीच्या कुटुंबासोबत वॉशिंग्टनला राहायला गेली. तिथे एका मोठ्या दुकानात कामाला असताना तिला एक हरवलेली लहान मुलगी सापडली. तिने ती मुलगी तिच्या आईच्या हवाली केली. ती आई म्हणजे रूथ क्रॉफर्ड सीगर, स्वतः संगीतकार. लोकगीतं गोळा करणारं, लिहून ठेवणारं ते घर. त्यांनी एलिझाबेथला आपल्या घरी कामाला बोलावलं.

त्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर गिटार टांगलेली असायची. कुणी नसलं की बाई ती उतरवायच्या. बघा, लहानपणी भावाचं बँजो आणि आता मालकांच्या घरची गिटार. एके दिवशी तीच सापडलेली मुलगी, पेगी, दारात येऊन उभी राहिली आणि घरच्यांना कळलं की आपल्याकडे भाकरी-भाजी करणाऱ्या बाईंच्या बोटांत काय आहे. पेगीचा भाऊ माइक सीगर यांनी बाईंच्या घरी टेपरेकॉर्डर नेऊन, नातवंडांच्या गराड्यात, त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. १९५८ मध्ये त्यांची पहिली तबकडी निघाली. तेव्हा त्या पासष्ट वर्षांच्या होत्या.

गिटारीला वायर कशी लागली

आता थोडं वाद्याकडे वळू, कारण मुली मागतात ती वायरची गिटार याच काळात घडत होती.

साधी गिटार म्हणजे पोकळ लाकडी पेटी. तार थरथरते, ती थरथर पेटीच्या वरच्या पातळ फळीला जाते आणि पेटीतून आवाज घुमतो. आवाज गोड, पण हळू. घरात, ओट्यावर ठीक आहे. बाजूला ढोल, तुतारीसारखी वाद्यं आली की गिटार ऐकूच येत नाही.

१९३०च्या सुमारास यावर तोडगा निघाला. जॉर्ज बोशां आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर या दोघांनी लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार वापरून एक यंत्र केलं. वर पोलादी तार थरथरली की खालच्या गुंडाळीत अगदी थोडी वीज तयार होते. ती वीज वायरने मोठा आवाज करणाऱ्या यंत्राकडे न्यायची. त्यांची पहिली विजेची गिटार अ‍ॅल्युमिनियमची, गोल तोंडाची आणि लांब दांड्याची होती. लोकांनी तिचं नाव पाडलं, तळणीचा तवा. हे मी गमतीने सांगत नाही, आजही इतिहासात तिला त्याच नावाने ओळखतात.

पण आज मुली मागतात त्या गिटारीत बहुतेक वेळा चुंबक नसतं. तिची युक्ती तुमच्या ओट्यावरच आहे. गॅसचा लायटर घ्या. खट्‌ केलं की ठिणगी पडते. त्यात सेल नाही, बॅटरी नाही. मग वीज आली कुठून? आत एक खास प्रकारचा तुकडा असतो, त्यावर जोरात दाब पडला की वीज तयार होते. काही स्फटिकांत हा गुण असतो, हे १८८० साली फ्रान्समधल्या पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी शोधून काढलं. यातले पिएर म्हणजे मेरी क्युरींचे पुढे झालेले पती. मेरीबाईंनी आपल्या किरणोत्सर्गाच्या संशोधनात याच गुणावर चालणारं मोजमापाचं यंत्र वापरलं होतं.

गिटारीच्या तारा पेटीवरच्या एका पट्टीवर टेकलेल्या असतात. त्या पट्टीखाली असा तुकडा बसवला की तार थरथरताना त्यावर बारीक बारीक दाब पडतो आणि त्याची वीज होते. लायटरमध्ये ठिणगी, इथे आवाज. अमेरिकेत हेलिकॉप्टर बनवणारे चार्ल्स कामन यांनी १९६६ मध्ये ओव्हेशन नावाची गिटार कंपनी काढली आणि पुढच्या काही वर्षांत असे तुकडे बसवलेल्या गिटारी बाजारात आणल्या. मग इतर कंपन्यांनीही तेच केलं. स्वस्त गिटारींचे कारखाने आधी जपानला, मग कोरिया, इंडोनेशिया, चीन इथे वाढले, आपल्याकडे कोलकात्यात गिटारी बनतातच. त्यामुळे पूर्वी फक्त स्टेजवरच्या कलाकाराकडे दिसणारी ही सोय आता मध्यमवर्गीय, आणि थोडी बचत असेल तर आपल्याही घराच्या आवाक्यात आली आहे.

मोठ्या आवाजाची बाई

विजेच्या गिटारीची गोष्ट सांगताना बहुतेक पुरुषांचीच नावं घेतली जातात. म्हणून सिस्टर रोझेटा थार्प हे नाव लक्षात ठेवा. जन्म १९१५, आर्कान्सा राज्य. आई चर्चमधली प्रवचनकार आणि गाणारी. पोर लहानपणापासून आईबरोबर गावोगाव फिरून गिटार वाजवायची. १९३८ मध्ये तिच्या तबकड्या निघाल्या. पुढे तिने विजेची गिटार हातात घेतली आणि देवाची गाणी इतक्या ठसक्यात वाजवली की नंतर आलेल्या रॉक संगीताची पायवाट तिथून सुरू झाली, असं आज जाणकार मानतात. १९६४ मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात, एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनावर, पावसाळी हवेत, अंगात जाड कोट घालून तिने गिटार वाजवली. टीव्हीसाठी केलेलं ते चित्रीकरण आजही मोबाईलवर बघायला मिळतं. जरूर बघा.

चर्चवाले तिच्यावरही रागावले, कारण ती देवाची गाणी नाचगाण्याच्या क्लबात घेऊन गेली होती. एलिझाबेथने चर्चचं ऐकून गिटार खुंटीला लावली, रोझेटाने नाही लावली. मी दोघींपैकी कुणालाही नावं ठेवणार नाही. ज्या घरात, ज्या माणसांत राहायचं आहे, त्यांचं ऐकणं बाईला किती भाग पडतं, हे आपल्याला माहीत आहे.

आणि वाजवणाऱ्याच नाहीत, बनवणाऱ्याही बायका होत्या. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले तेव्हा मिशिगन राज्यातल्या कलामाझू गावी गिब्सन कंपनीच्या कारखान्यात बायका गिटारी घडवत होत्या. लाकूड घासत होत्या, तारा लावत होत्या. कंपनीचं म्हणणं असं की युद्धाच्या काळात आम्ही गिटारी बनवल्याच नाहीत. पुढे जॉन थॉमस या कायद्याच्या प्राध्यापकांना कारखान्यासमोर उभ्या असलेल्या बायकांचा एक जुना फोटो मिळाला. त्यातल्या हयात बायकांना शोधून, त्यांच्याशी बोलून त्यांनी पुस्तक लिहिलं. त्या काळातल्या त्या गिटारी आज फार मोलाच्या मानल्या जातात. कॅलिफोर्नियातल्या फेंडर कंपनीत अबिगेल इबारा या बाई १९५६ मध्ये लागल्या आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षं चुंबकाभोवती तांब्याची तार गुंडाळत राहिल्या. त्यांच्या हातची गुंडाळी मिळावी म्हणून नामवंत वादक वाट बघायचे. आपल्या गुंडाळीवर त्या स्वतःची सही करायच्या.

गाण्यावर नाव कुणाचं

सही म्हटलं की मला एलिझाबेथबाईंच्या मालगाडीच्या गाण्याकडे परत यावं लागतं.

पेगी मोठी झाल्यावर इंग्लंडला गेली आणि तिथे तिने आपल्या घरच्या बाईंचं ते गाणं गाऊन दाखवलं. ते लोकांना आवडलं. १९५७ मध्ये तिथल्या चास मॅक्डेव्हिट यांच्या गटाची त्या गाण्याची तबकडी धडाक्यात खपली. पण कवी म्हणून कागदावर नावं दोन भलत्याच पुरुषांची लागली होती. गाणं रचणारी बाई त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये लोकांचा स्वयंपाक करत होती.

सीगर कुटुंबाने पाठपुरावा केला. नंतर गाण्यावर एलिझाबेथ कॉटनचं नाव लागलं, तरी कित्येक ठिकाणी जुनी नावं तशीच छापली जात राहिली. तोंडी गोष्ट आणि कागदावरची गोष्ट यात किती अंतर असतं, हे सातबाऱ्यावर नाव लावायला तलाठ्याकडे खेपा घातलेल्या बाईला विचारा.

हे एकट्या तिच्याच बाबतीत झालं असं नाही. १९२७ मध्ये ब्रिस्टल गावात कार्टर कुटुंबाची पहिली ध्वनिमुद्रणं झाली. गाणारी सेरा, गिटार वाजवणारी अठरा वर्षांची मेबेल. मेबेलने पुढच्याच वर्षी २७५ डॉलरची गिटार घेतली आणि तिच्या वाजवण्याची पद्धत अमेरिकाभर गाजली. पण गाण्यांच्या हक्काच्या कागदांवर बहुतेक ठिकाणी नाव सेराच्या नवऱ्याचं, ए. पी. कार्टरचं. रोझेटा थार्प १९७३ मध्ये वारली, तर तिच्या थडग्यावर तीस-पस्तीस वर्षं नावाचा दगडसुद्धा नव्हता. आपल्या आज्यांनी जात्यावर रचलेल्या ओव्या हजारो आहेत, पण कुठली कुणी रचली हे आपल्यालाही सांगता येत नाही.

एलिझाबेथबाईंच्या बाबतीत उशिरा का होईना, पण चांगलं घडलं. पासष्टीनंतर त्या गावोगाव, मोठमोठ्या मेळाव्यांत वाजवायला जाऊ लागल्या. १९६७च्या तबकडीत त्यांचं ‘शेक शुगरी’ हे गाणं आहे. घरातली एकेक वस्तू गहाण पडत चालली आहे, असा त्याचा विषय. त्याची कडवी त्यांच्या पतवंडांनी त्यांच्याबरोबर बसून जुळवली आणि ते गायलंही बारा वर्षांच्या पणतीने. गहाणवट हा विषय तिथल्या पोरांनाही समजत होता. पुढे कार्यक्रमांच्या आणि तबकड्यांच्या कमाईतून बाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात घर घेतलं. वयाची नव्वदी ओलांडल्यावर त्यांना संगीतातला मोठा मानाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १९८७ मध्ये त्या गेल्या.

आपल्या बैठकीतला प्रश्न

आता आपल्याकडे येते. आमच्या एका गटात अकरावीतल्या मुलीच्या आईने अंतर्गत कर्ज मागितलं, ७,००० रुपये, वायरच्या गिटारीसाठी. मुलीने सुट्टीत कांदा लावणीला जाऊन स्वतःचे काही पैसे जमवले होते, बाकीचे कमी पडत होते. बैठकीत लगेच प्रश्न आला, यातून उत्पन्न काय? एक वहिनी म्हणाल्या, त्यापेक्षा शिलाई मशीन घे, चार ब्लाऊज शिवशील. तेव्हा अध्यक्ष काकूंनी वही उघडली आणि विचारलं, मागच्या वर्षी पोरांच्या मोबाईलसाठी आपण तिघींना कर्ज दिलं, तेव्हा उत्पन्न विचारलं होतं का? सगळ्या गप्प.

मग कोपऱ्यातल्या आजी बोलल्या. म्हणाल्या, कर्ज द्या नाहीतर नका देऊ, पण आधी हिच्या आईला विचारा, पोरीला वाजवायला वेळ देणार का? नाहीतर आणाल आणि खुंटीला टांगाल.

आजींना एलिझाबेथ कॉटन माहीत नव्हती. पण बोलल्या ते अगदी तिच्याच जन्माचं बोलल्या.

कर्ज मंजूर झालं, दहा हप्त्यांत. रोज संध्याकाळी एक तास मुलीला पाण्याला, दुधाला पाठवायचं नाही, असं आईने बैठकीत कबूल केलं. ते इतिवृत्तात लिहिलं. मुलगी पुढे मोठी कलाकार होईल का, मला सांगता येणार नाही. सध्या तिच्या बोटांना फोड आलेत आणि शेजारी कुरकुर करतात. हप्ते मात्र वेळेवर येतात.

मला वाटतं, मुलीच्या वाद्याला उत्पन्नाच्या तराजूत घालूच नये. आपल्या घरात बाईच्या वापराच्या वस्तू पुष्कळ असतात, पण त्या सगळ्या घरासाठी असतात. तवा, मिक्सर, शिलाई मशीनसुद्धा. फक्त तिच्यासाठी असलेली, तिच्या आवाजासाठी असलेली वस्तू किती घरांत आहे? एखादी असेल, तर तिची किंमत हप्त्यात भागते. तिच्यासाठी वेळ द्यावा लागतो, आणि तिच्यातून जे निघेल त्यावर त्या मुलीचंच नाव राहील हे बघावं लागतं. ही दोन कामं पैशाने होत नाहीत, ती घरच्यांनी करायची असतात.

घ्यायचीच असेल तर

शेवटी कामाच्या चार गोष्टी सांगते.

साध्या गिटारीला काही हजार लागतात, वायरचीला त्याहून थोडे जास्त. अगदी खेळण्यातली घेऊ नका, तिचा सूर टिकत नाही आणि पोर कंटाळते. दुकानात जाताना वाजवणारं कुणीतरी बरोबर न्या. दांडा सरळ आहे का, एका टोकाला डोळा लावून बघा. तारा दांड्यापासून फार उंच असतील तर दाबायला जड जातात, बोटं सोलतात. सुराच्या खुंट्या फिरवून बघा, सैल नकोत. मुलगी डावखुरी असेल तर डाव्या हाताची गिटार मागवता येते, उलटी धरायची गरज आता नाही.

गिटारीच्या कडेला बटणांची छोटी पेटी असते, त्यात चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी बसते. दुकानातच वायर जोडून आवाज ऐका, सगळी बटणं फिरवा, खरखर येत नाही ना बघा. बहुतेक गिटारींत वायर खोचलेली राहिली की बॅटरी उतरत राहते, म्हणून वाजवून झालं की वायर काढायची. मोठा स्पीकर लगेच घेऊ नका. भजनी मंडळाच्या किंवा शाळेच्या साउंड सिस्टीमला ती बहुधा जोडता येते. आणि लाइट गेली तरी काळजी नाही, वायर काढून तशीच वाजवा. आपल्या गावांना याहून चांगली सोय कुठली?

पत्र्याखाली, उन्हात, चुलीजवळ ठेवू नका, लाकूड वाकतं. पावसाळ्यात पिशवीत ठेवा. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा, गंज कमी धरतो. पहिले काही आठवडे बोटं दुखणारच, नंतर घट्टे पडतात. खुरप्याचे घट्टे असलेल्या आईने मुलीला एवढं तर नक्की सांगावं.

आणि पावती. पावती मुलीच्या नावाने करा. पावणेचार डॉलरची असो नाहीतर ७,००० रुपयांची, ज्या वस्तूवर तिचं नाव आहे ती भावाबरोबर निघून जात नाही.

तुमच्या गावात कुणी बाई, कुणी आजी, पेटी, एकतारी, डफ, काहीही वाजवत असेल, तर आम्हाला कळवा. तिचं वाजवणं आपण तिच्या नावासकट या केंद्रावरून ऐकवू. आजच्यापुरतं इतकंच.